फ्रीजचा बोर्ड खरोखर गेला आहे का? तपासणी आणि दुरुस्तीची पद्धत

मृगाच्या तोंडावर वादळी पावसाची पहिली रात्र होऊन गेली की दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दुकानात फ्रीजच्या तक्रारी येऊ लागतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "पीसीबी उडाला म्हणतात, नवीन कितीला पडेल?" पीसीबी, म्हणजे कॉम्प्रेसर, पंखा वगैरे भाग चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, हा फ्रीजमधल्या महागड्या भागांपैकी एक आहे आणि खेड्यात तो मागवायला चार-आठ दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत घरातले दूध-दही जाते आणि किराणा दुकानदाराचे तर उन्हाळ्यातले थंड पेयांचे गिऱ्हाईकच तुटते. म्हणून बोर्डावर ठपका ठेवण्यापूर्वी मोजमाप करावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. बोर्डात येणारी वीज आणि तापमान मोजणाऱ्या सेन्सरचे संकेत बरोबर असतील, त्याच्यापुढे जोडलेले कॉम्प्रेसर, पंखा आणि हीटर हे भाग शाबूत असतील आणि तरीही त्यांच्याकडे वीज जात नसेल, तेव्हाच दोष बोर्डात आहे असे म्हणता येते. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात मी एका शेतकऱ्याच्या फ्रीजला नवा बोर्ड बसवला होता. तो बसवूनही थंडावा आला नाही, कारण खरा दोष सेन्सरच्या गंजलेल्या जॅकमध्ये, म्हणजे तारांच्या जोडणीत होता. त्या माणसाचे पैसे मी परत केले, पण तेव्हापासून मीटर (मल्टिमीटर) लावल्याशिवाय बोर्डाचे नाव घेत नाही.

सर्वप्रथम आपल्या फ्रीजमध्ये बोर्ड आहे की नाही, हे पाहावे. एका दाराच्या, आत बर्फ साचणाऱ्या साध्या फ्रीजमध्ये बहुधा बोर्ड नसतो. त्यात फिरवायची चकती असलेला थर्मोस्टॅट, कॉम्प्रेसरच्या बगलेला त्याला सुरू करून देणारा पीटीसी रिले आणि भार जास्त झाला की वीज तोडणारा ओव्हरलोड प्रोटेक्टर एवढेच विजेचे भाग असतात. असा फ्रीज दर दोन-तीन मिनिटांनी "टक्" असा आवाज करून बंद पडत असेल, तर तो आवाज ओव्हरलोडचा असतो आणि त्याचे कारण कमी व्होल्टेज, खराब पीटीसी रिले किंवा जाम झालेला कॉम्प्रेसर हे असते. दोन दारांच्या, बर्फ न साचणाऱ्या फ्रीजमध्ये मात्र बोर्ड असतोच असे समजून चालावे. अगदी जुन्या फ्रीजमध्ये त्याऐवजी डिफ्रॉस्ट टायमर, म्हणजे ठरावीक वेळाने आतला बर्फ वितळवून घेणारा टायमर, असतो. कॉम्प्रेसर एकसारखा चालतो आहे, त्याचे अंग गरम आहे, पण मागची किंवा बाजूची जाळी कोमटसुद्धा होत नाही, अशी स्थिती असेल तर संशय गॅसगळतीवर घ्यावा. तेथे बोर्ड बदलून काहीही साधत नाही.

आपल्या उन्हाचाही विचार करावा. फ्रीजच्या मागे किंवा आत चिकटवलेल्या पट्टीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. त्यातला "टी" हा उष्ण प्रदेशासाठीचा वर्ग ४३ अंश सेल्सिअसपर्यंतच्या भोवतालच्या तापमानासाठी असतो. चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे मे महिन्यात पारा त्याच्या वर जातो आणि टिनाच्या छपराखालच्या स्वयंपाकघरात तर आणखीच चढतो. अशा दुपारी कॉम्प्रेसर थांबत नाही, वरच्या कप्प्यातले पाणी गोठायला वेळ लागतो आणि माणसे समजतात की बोर्ड बिघडला. फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा, मागची धूळ काढावी आणि रात्री दोन वाजता तो थांबतो का ते पाहावे. रात्री थांबत असेल तर बोर्ड ठीक आहे.

वीज : बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते

फ्रीजचा प्लग जेथे लागतो त्या सॉकेटमध्ये मीटर लावून फेज आणि न्यूट्रल यांमधले व्होल्टेज मोजावे. ते २३० च्या आसपास असायला हवे. हे मोजमाप एकदाच करून थांबू नये. सकाळी, संध्याकाळी दिवे लागल्यावर आणि ज्या गावात कृषिपंप व घरे एकाच लाइनवर आहेत तेथे पंप सुरू झाल्यावर, असे तीन वेळा करावे. पंप चालू असताना १६०-१७० वर आलेले व्होल्टेज साध्या कॉम्प्रेसरला उचलत नाही आणि फ्रीजचा मालक मात्र बोर्डाला दोष देत राहतो.

त्याहून घातक प्रकार न्यूट्रल तुटण्याचा आहे. खेड्यातले बहुसंख्य बोर्ड त्यानेच जातात, म्हणून त्याची कारणमीमांसा नीट समजून घ्यावी. डीपीवरून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून, गावात तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा येतात आणि प्रत्येक घराला एक फेज व न्यूट्रल मिळतो. वाऱ्याने झाड पडून किंवा सांधा सैल होऊन डीपीजवळ न्यूट्रल सुटला, तर वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांशी एका माळेत जोडल्यासारखी होतात आणि त्यांच्यावर दोन फेजमधले ४१५ व्होल्ट विभागून पडतात. ज्या बाजूला भार कमी, त्या बाजूला व्होल्टेज जास्त जाते. रात्री सगळे झोपलेले असताना ज्या घरात फ्रीज आणि एखादा झिरोचा दिवाच चालू असतो, त्या घराला ३०० ते ३५० व्होल्टचा तडाखा बसू शकतो. याची खूण डोळ्यांना दिसते : आपल्या घरातले बल्ब डोळे दिपवतील इतके प्रखर होतात आणि त्याच वेळी शेजारच्या घरात ते मंद पडतात. असे दिसताच आधी मेन स्विच पाडावा आणि मग लाइनमनला कळवावे किंवा १९१२ या क्रमांकावर तक्रार द्यावी.

फ्रीजच्या दाराला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तपासल्याशिवाय पुढचे कोणतेही काम करू नये. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की घराजवळचा अर्थिंगचा खड्डा निकामी होतो. त्यात मीठ-कोळसा भरून पाणी घालत राहावे लागते, ही गोष्ट अनेक घरांत कोणाच्याच ध्यानात नसते.

उघडण्यापूर्वी

येथून पुढचे काम ज्याला मीटर वापरता येतो आणि विजेचे काम येते त्यानेच करावे. इतरांनी हे वाचून मेकॅनिककडून कोणती तपासणी करून घ्यायची एवढे समजून घ्यावे. प्लग काढल्यावरही बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेले असू शकतात आणि इन्व्हर्टर बोर्डावर (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या बोर्डावर) ते जास्त वेळ टिकतात. प्लग काढून दहा मिनिटे थांबावे, मग मीटर डीसीवर ठेवून कपॅसिटरच्या दोन टोकांवर मोजावे आणि आकडा मोठा आला तर पिवळ्या प्रकाशाच्या जुन्या बल्बच्या होल्डरमधून तो रिकामा करावा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून कपॅसिटर उतरवण्याची सवय बोर्डालाही मारते आणि हातालाही. काही बोर्डांची पाच व्होल्टची बाजूसुद्धा मेनपासून वेगळी केलेली नसते, त्यामुळे प्लग लागलेला असताना सेन्सरची तारदेखील जिवंत समजावी. हल्लीच्या पुष्कळ फ्रीजमध्ये आर ६००ए हा पेट घेणारा गॅस असतो. तेव्हा बोर्ड बाहेर काढून टेबलावर आणल्याशिवाय सोल्डरिंगची इस्त्री तापवू नये.

जॅक काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढावा. ही बारीक गोष्ट आहे, पण सारख्या दिसणाऱ्या दोन जॅकांची अदलाबदल झाल्याने चांगला बोर्ड गेलेला मी पाहिला आहे.

आधी बोर्डाबाहेरचे भाग

सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. तो जसजसा थंड होतो तसतसा त्याचा ओहम वाढतो. त्याची जात फ्रीजप्रमाणे वेगळी असते, पण पुष्कळ ठिकाणी २५ अंशाला १० किलोओहमचा सेन्सर आढळतो आणि तो शून्य अंशाला साधारण २७ ते ३३ किलोओहम दाखवतो. जॅक काढून सेन्सर स्टीलच्या पेल्यातल्या बर्फाच्या पाण्यात पाच मिनिटे ठेवावा आणि आकडा सावकाश, न अडखळता चढतो का ते पाहावे. मधेच आकडा उड्या मारत असेल, एका जागी थिजला असेल किंवा मीटर काहीच दाखवत नसेल, तर सेन्सर बदलावा. त्याचा खर्च बोर्डाच्या तुलनेत अगदी किरकोळ असतो. सेन्सर चांगला निघाला तर जॅकच्या पिना भिंगाखाली पाहाव्यात. पावसाळ्यानंतर त्यांवर हिरवट थर चढलेला असतो आणि तेवढ्यानेच बोर्डाला फ्रीजरचे चुकीचे तापमान कळते.

वर बर्फ साचतो आणि खालचा कप्पा थंड होत नाही, ही तक्रार आली की बहुतेक जण थेट बोर्डाकडे वळतात. येथे तीन भाग तपासावे लागतात. डिफ्रॉस्ट हीटर साधारण १५० ते २५० वॅटचा असतो, म्हणजे मीटरवर त्याचा ओहम २१० ते ३५० च्या दरम्यान यायला हवा. हीटरच्या सर्किटमधला थर्मल फ्यूज अखंड असायला हवा. तिसरा भाग म्हणजे बायमेटल आणि फसगत होते ती याच ठिकाणी. बायमेटल थंडीत जुळतो आणि ऊब लागली की तुटतो, म्हणून टेबलावर आणून मोजल्यास तो तुटलेलाच दिसतो आणि चांगला बायमेटल खराब म्हणून फेकला जातो. ताटलीत बर्फ कुटून त्यात मूठभर जाडे मीठ मिसळावे, त्यात बायमेटल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दहा मिनिटे दाबून ठेवावा आणि मग मीटरचा बजर (दोन टोके आतून जुळलेली असली की वाजणारी तपासणी) लावावा. मिठामुळे बर्फाचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते आणि आत "टिक्" असा बारीक आवाज येऊन बायमेटल जुळतो. तरीही तो जुळला नाही, तर मात्र तो गेलेला आहे. काही नव्या फ्रीजमध्ये बायमेटल नसतो आणि त्याचे काम एक वेगळा सेन्सर करतो. तेथे वर सांगितलेली बर्फाच्या पाण्याचीच कसोटी लावावी.

आतला पंखा बहुधा १२ व्होल्ट डीसीचा असतो. त्याच्या तारांवर बोर्डाकडून व्होल्टेज येत असूनही पाते फिरत नसेल तर दोष पंख्यात आहे. दार उघडे असताना पुष्कळ फ्रीजमध्ये पंखा मुद्दाम बंद ठेवला जातो, म्हणून मोजताना दाराचा स्विच बोटाने दाबून धरावा.

बोर्ड टेबलावर

सगळे बाहेरचे भाग तपासून झाल्यावर बोर्ड सोडवावा आणि मीटर लावण्यापूर्वी तो उजेडात नुसता न्याहाळावा. आपल्याकडे दिवाळीपासून भाव वाढेपर्यंत कापूस घरातच साठवून ठेवतात आणि त्याचे तंतू फ्रीजच्या मागच्या खणात जाऊन बसतात. मागच्या वर्षी एका घरातला बोर्ड काढला तेव्हा त्यावर बोटभर जाडीचा मळकट पांढरा थर होता आणि पावसाळी दमटपणाने तो वातीसारखा ओला झाला होता. तो थर ब्रशने उचलल्यावर खाली रिलेच्या, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या छोट्या स्विचच्या, सोल्डरच्या दोन टाक्यांमध्ये कोळशासारखी काळी रेघ उमटलेली दिसली. अशी जळकी रेघ विजेला वाट करून देते, म्हणून ती पातीने खरवडून खालचे पिवळसर फायबर दिसेपर्यंत काढावी लागते आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळवून, त्या जागी इन्सुलेशन वार्निशचा हात द्यावा लागतो. बोर्ड पुसायला पेट्रोल किंवा साबणाचे पाणी वापरू नये. ऊब शोधत आलेल्या पालीही दोन टाक्यांना चिकटून मरतात, आणि मुंग्या रिलेच्या आसपास घर करतात. त्यांचा थर काढल्यावर कित्येकदा बोर्ड दुसऱ्या कोणत्याही दुरुस्तीशिवाय चालू होतो.

त्यानंतर वीज ज्या वाटेने आत येते त्याच वाटेने मीटर न्यावा. फ्यूज गेला असेल तर त्याच्या काचेत काय दिसते ते पाहावे. आतली तार फक्त तुटलेली असेल तर झटका सौम्य होता, पण काच काळी किंवा चंदेरी झाली असेल तर पुढे कुठेतरी पक्का शॉर्ट आहे. फ्यूजच्या शेजारी बहुधा निळी किंवा केशरी गोल चकती असते. तो व्हॅरिस्टर, म्हणजे एमओव्ही. त्याच्या अंगावर ४७१ असा आकडा असेल तर तो ३०० व्होल्ट एसीपर्यंत स्वस्थ राहतो आणि त्याहून बरेच अधिक व्होल्टेज आले की स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो. न्यूट्रल तुटल्यावर हा भाग फुटलेला सापडणे, ही खरे तर चांगली बातमी आहे, कारण त्याने पुढचा बोर्ड वाचवलेला असू शकतो. व्हॅरिस्टर आणि फ्यूज त्याच मापाचे बसवावेत. नुसता फ्यूज बदलून व्हॅरिस्टरची जागा मोकळी ठेवली तरी फ्रीज चालतो आणि काही जण तसेच परत देतात, पण पुढच्या तडाख्याला तो बोर्ड उरत नाही. फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळणे तर कोणत्याही परिस्थितीत करू नये. तसे केल्याने घराला आग लागू शकते.

पुढे एसीचे डीसी करणाऱ्या ब्रिजचे चारही डायोड आणि त्यापासून कमी व्होल्टेज तयार करणारा पॉवर आयसी शॉर्ट आहेत का ते मोजावे. ते ठीक आल्यास बोर्डाला पहिली वीज थेट न देता १०० वॅटच्या तारेच्या बल्बमधून, म्हणजे सीरिज बोर्डातून द्यावी. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर आत शॉर्ट नाही, पण तो पूर्ण प्रकाशाने जळत राहिला तर लगेच प्लग काढावा. या तपासणीच्या वेळी कॉम्प्रेसर आणि हीटर जोडलेले नसावेत.

बोर्ड असा सुरक्षित चालू झाला की मोठ्या कपॅसिटरवर ३०० ते ३२५ व्होल्ट डीसी आहे का, पलीकडे १२ व्होल्ट आहेत का आणि ७८०५ सारख्या रेग्युलेटरनंतर ५ व्होल्ट आहेत का, हे क्रमाने पाहावे. मोठ्या कपॅसिटरवर वीज आहे, पण १२ नाही, तर पॉवर आयसी आणि त्याच्याभोवतीचे भाग संशयित. १२ आहेत पण रिले खेचताच ते ८-९ वर कोसळतात, तर १२ व्होल्टच्या बाजूचा कपॅसिटर सुकला आहे. त्याचे डोके फुगलेले नसले तरी हा दोष असू शकतो. हा कपॅसिटर त्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टचा आणि १०५ अंशांचा घ्यावा. आपल्या उन्हात ८५ अंशांचा टिकत नाही. १२ आणि ५ दोन्ही स्थिर असून, सेन्सर बरोबर असूनही बोर्ड काहीच हालचाल करत नसेल, तर मुख्य प्रोसेसर गेला आहे आणि अशा वेळी बोर्ड बदलणेच योग्य, असे माझे मत आहे.

रिलेचा दोष दोन तऱ्हांनी दिसतो. कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि खालच्या कप्प्यातले दूधसुद्धा गोठते, तेव्हा रिलेचे संपर्क वितळून चिकटलेले असण्याची शक्यता फार. प्लग काढून संपर्काच्या दोन पिनांवर बजर लावावा. कॉइलला वीज नसताना बजर वाजला की निकाल लागला. याउलट रिलेचा आवाज येतो पण कॉम्प्रेसरला वीज जात नाही, तेव्हा संपर्क जळालेले असतात किंवा रिलेच्या पायाशी सोल्डरला केसासारखी गोल चीर पडलेली असते. ती चीर बोर्ड उजेडाकडे तिरका धरल्याशिवाय दिसत नाही. तेथे जुने सोल्डर शोषून काढून नवे भरावे. १२ व्होल्टच्या साध्या रिलेच्या कॉइलचा ओहम बहुधा २७० ते ४०० च्या आसपास येतो. रिले अगदी स्वस्त असतो आणि नागपूरला सीताबर्डीत सुट्या भागांच्या दुकानांत मिळतो. मात्र संपर्काचा अँपिअर आणि पिनांची मांडणी जुन्यासारखीच आहे याची खात्री करावी.

इन्व्हर्टर फ्रीजमध्ये कॉम्प्रेसरजवळ दुसरा बोर्ड असतो. त्याच्या कॉम्प्रेसरला तीन पिना असतात आणि कोणत्याही दोन पिनांमध्ये ओहम सारखाच आला पाहिजे. एक जोडी वेगळी आली किंवा पिन आणि अंगात बजर वाजला, तर कॉम्प्रेसरच गेला आहे आणि नवा बोर्ड लावल्यास तोही जाईल. या बोर्डावरचा छोटा दिवा किती वेळा लुकलुकून थांबतो ते मोजून त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावे, कारण लुकलुकीचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. या बोर्डाच्या पॉवर मॉड्यूलची दुरुस्ती घरी करण्याचा प्रयत्न मी सुचवणार नाही.

नवा बोर्ड बसवताना

बोर्ड मागवताना फ्रीजचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि बोर्डावरच्या चिठ्ठीवरचा क्रमांक, दोन्ही द्यावेत. डोळ्यांना हुबेहूब दिसणाऱ्या दोन बोर्डांमधला प्रोग्राम निराळा असू शकतो आणि मग फ्रीज चालतो, पण डिफ्रॉस्टची वेळ चुकते. वॉरंटीचे कागदही आधी पाहावेत. कॉम्प्रेसरची दहा वर्षांची हमी बोर्डाला लागू असतेच असे नाही.

ज्या कारणाने जुना बोर्ड गेला ते शोधून काढल्याशिवाय नवा लावू नये. विजेचा दोष असेल तर जास्त व्होल्टेजला वीज तोडणारा आणि वीज परत आल्यावर तीन मिनिटे थांबून पुरवठा देणारा स्टॅबिलायझर बसवावा. "स्टॅबिलायझरची गरज नाही" असे छापलेल्या फ्रीजलाही आपल्या गावांत तो लावावा, कारण ते आश्वासन ठरावीक व्होल्टेजपर्यंतच असते आणि तुटलेला न्यूट्रल ती मर्यादा सहज ओलांडतो.

दुरुस्तीनंतर पहिले चोवीस तास फ्रीजमध्ये थोडेच सामान ठेवावे. खालच्या कप्प्यात पाण्याने भरलेल्या पेल्यात थर्मामीटर बुडवून ठेवावा आणि तो ३ ते ५ अंशांवर येतो का ते पाहावे. फ्रीजरमध्ये उणे १८ च्या आसपास पोहोचणे अपेक्षित असते. बर्फ वितळवण्याचा निदान एक फेरा आपल्या समोर होईपर्यंत काम पूर्ण समजू नये. तो झाला की मागच्या खणातल्या झाकणाच्या आतील बाजूस मार्करने तारीख, बदललेले भाग आणि त्या दिवशी मोजलेले व्होल्टेज लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी ते झाकण उघडणाऱ्याला पहिला आकडा तयार मिळेल.